वैद्य मागे पडले, डॉक्टर 'साहेब' झाले: नेमकं कशामुळे?

सहाण_वाईकर: पणजोबांची वाईत वैदकी होती. मात्रा उगाळायची त्यांची सहाण अजून घरात आहे, मधोमध खोलगट झालेली. फी म्हणजे पायलीभर ज्वारी, नाहीतर नुसता नमस्कार. आजोबा मुंबईला जाऊन एलसीपीएस (डॉक्टरकीची पदविका) झाले, तर मामलेदार त्यांना खुर्ची द्यायचा म्हणे! एका पिढीत एवढा फरक? पेनिसिलिन तर तेव्हा यायचंच होतं.

जुनी_दफ्तरं: जोर औषधाचा नव्हे, कागदाचा. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. पण खरी मेख १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्यात आहे. डॉक्टरांचं रजिस्टर आलं आणि कायद्याने लागणारा दाखला नोंदलेल्या डॉक्टरच्याच सहीचा चालू लागला. आजारी रजा हवी असलेला कारकून वैद्याकडे कशाला जाईल?

माहेर_पुणे: पण धाकही विसरू नका. १८९७ च्या प्लेगात घरझडत्या आणि इस्पितळं यांना लोक किती घाबरायचे! मान त्यानंतरचा. तरी हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस त्याच ग्रँट कॉलेजात केली, हेही खरं.

सहाण_वाईकर: दाखल्याचं पटलं. आजोबांच्या ट्रंकेत सर्टिफिकिटांच्या स्थळप्रतींचा गठ्ठाच आहे. मग वैद्यांची नोंदणी कधी?

जुनी_दफ्तरं: १९३८ च्या कायद्याने. वैद्य, हकीम दोघांची. पण रजिस्टर वेगळं, पंगतही वेगळीच.