अनुभव धागा: आरटीईचे २५ टक्के प्रवेश, फॉर्मपासून आठवीपर्यंत

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने करायची, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई) सांगतो. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्याने नियम बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला सक्ती नाही. शहरात अशी शाळा कुठे नसते? १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. वाद भरपूर झाले. इथे तुमच्या घरात, वर्गात, ऑफिसात काय घडलं तेवढं लिहा. शाळेचं नाव नको.

पुण्याची आई
आमची मुलगी नेमकी त्याच वर्षीची. एप्रिलमध्ये फॉर्म उघडला तर यादीत जवळपास सगळ्या पालिकेच्या नि अनुदानित शाळा. तिथे फॉर्म न भरताही प्रवेश मिळतो की! नवरा म्हणाला, राहू दे. मेमध्ये त्या बदलाला कोर्टाची स्थगिती आली आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. फॉर्ममधल्या नकाशावर घराच्या खुणेचा फुगा नेटकॅफेवाला गल्लीच्या तोंडाशी ठेवून मोकळा होत होता. मी तो सरकवत सरकवत आमच्या चाळीवर आणायला लावला, कारण पडताळणीत पत्ता जुळला नाही तर प्रवेश गेला. जूनमध्ये लॉटरी निघाली, पण निकाल कोर्टात अडकला. शेजारची पोरं रेनकोट घालून शाळेला निघायची, आमची नवं दप्तर पाठीला लावून दारात. जुलै सरताना प्रवेश झाला, तेव्हा पहिली घटक चाचणी तोंडावर. बाई चांगल्या, सांभाळून घेतलं.

भाडेकरू
भाडेकरार नोंदणीकृतच करा, तोही फॉर्म भरण्याआधी. साध्या स्टॅम्पपेपरवर आमचा प्रवेश अडला.

शाळेतला लिपिक
मी दुसऱ्या बाजूचा. तालुक्याच्या गावातली छोटी इंग्रजी शाळा. प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, शाळेची फी कमी असेल तर तेवढीच. कोविडमध्ये तो ८,०००वर आणला होता. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, तो हातात पडला तर! दरवर्षी यादी, हजेरी, आधार जोडून प्रस्ताव पाठवायचा आणि मागच्या सालचे पैसे पुढच्या साली, तेही तुकड्यातुकड्यांनी घ्यायचे. मोठ्या शाळा हे पचवतात. आमच्याकडे ऐन दिवाळीत बाईंचे पगार थकतात आणि संस्थाचालकांची चिडचिड आरटीईच्या पोरांवर निघते. चूकच आहे ते. पण राग येतो कुठून, तेही कुणीतरी लिहायला हवं.

जिल्हा परिषदेची शिक्षिका
तो बदल आमचा पट वाढवायला होता, असं म्हणणारे भेटले. पट आम्हाला हवाच, मुलं घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, पद जातं. पण दोन इयत्ता एका खोलीत बसवायच्या आणि वर पालकांना दुसरा दरवाजा बंद करायचा, हे कसलं धोरण? आमच्याकडे सेमी-इंग्रजी (गणित, विज्ञान इंग्रजीतून) सुरू केलं, शिक्षक टिकले, तेव्हा इंग्रजी शाळेतली काही मुलं आपणहून परत आली. नियम लागला नाही त्याला.

नाशिककर बाबा
फी शून्य, बाकी चालू. सहल, स्नेहसंमेलन, ‘ॲक्टिव्हिटी’. पावती मागितली की आवाज बदलतो. वर्गात मात्र भेदभाव नाही, हेही खरं.

आठवीची आई
लॉटरीच्या धावपळीत पुढचं कुणी सांगत नाही: कायद्याचा आधार आठवीपर्यंतच. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी. आमचा मुलगा यंदा आठवीत. जवळच अनुदानित हायस्कूल आहे, पण मराठी माध्यमाचं. भूमिती, विज्ञान सगळं इंग्रजीत शिकलेल्या पोराने दहावीच्या उंबरठ्यावर माध्यम बदलायचं कसं? हा म्हणतो, मित्र सोडणार नाही. शाळेशी बोलून कुणी फीचे हप्ते पाडून घेतलेत का? अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्यायचा की संस्थेच्या?