रेझिन प्रिंट आणि क्राफ्ट, दोन्हींसाठी यूव्ही क्युरिंग स्टेशन कोणतं घ्यावं?

रेझिनवाली_सांगली

नमस्कार मंडळी. यूव्ही प्रकाशाने रेझिन कडक (क्युअर) करायचं स्टेशन घ्यायचंय. माझी कामं दोन प्रकारची आहेत. मार्स 3 या रेझिन प्रिंटरवर 4 ते 12 सेंमी उंचीच्या मूर्ती आणि देवघरातल्या छोट्या वस्तू प्रिंट होतात. शिवाय सिलिकॉनच्या साच्यांतून यूव्ही रेझिनच्या राख्या, पेंडंट, कीचेन. एरवी उन्हात भागतं, पण राख्यांची मागणी ऐन आषाढ-श्रावणात येते आणि तेव्हाच ऊन गायब असतं. बजेट 10-12 हजार.

विचारायचं असं: नेल लॅम्पवर (नखांचं जेल सुकवायचा यूव्ही दिवा) 48 वॅट लिहिलेलं असतं, क्युरिंग स्टेशनवर त्याहून कमी, आणि तरी स्टेशन कितीतरी महाग. का? दोन्ही कामांना एकच यंत्र पुरेल का? आणि काही प्रिंट्स क्युअर करूनही हाताला चिकट लागतात, ते यंत्र बदलून जाईल का?

पेठेतलं_वर्कशॉप

चिकटपणापासून सुरुवात करतो, कारण तो नव्या यंत्राने जाणार नाही. तो बहुतेक वेळा धुण्यातला दोष असतो. दोन डबे ठेवा. पहिल्यात वापरलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), दुसऱ्यात स्वच्छ. प्रत्येकात 2 ते 3 मिनिटं, मऊ ब्रशने खाचा घासून. मग प्रिंट पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात आयपीए उडायला वेळ लागतो, म्हणून पंख्याखाली निदान अर्धा तास. मूर्तीच्या काखेत, मुकुटाच्या खाचेत ओल चकाकताना दिसली तर क्युअर करायचं नाही. ती ओल म्हणजे आयपीएत विरघळलेलं रेझिन असतं. ते तसंच कडक झालं की पांढरट डाग आणि चिकट थर कायमचा बसतो. आयपीए चटकन पेटतं, 12 अंशांनाही त्याच्या वाफेला आग लागू शकते, त्यामुळे समई आणि गॅस दोन्हींपासून लांब.

सपोर्ट, म्हणजे प्रिंट होताना वस्तूला आधार देणाऱ्या काड्या, क्युअर करण्याआधीच काढा. धुतलेली प्रिंट कोमट पाण्यात मिनिटभर ठेवली की सपोर्ट अलगद सुटतात. क्युअर झाल्यावर ते ठिसूळ होतात आणि तुटताना पृष्ठभागाचा टवका घेऊन जातात.

आता वॅट. लॅम्पवरचा आकडा सोडा, सोबतचा अडॅप्टर उलटा करून वाचा. त्यावर 12 व्होल्ट 2 अँपिअर असेल तर ते 24 वॅट झाले, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दिवे त्याहून जास्त वीज घेऊच शकत नाहीत. आणि नेल लॅम्पचा प्रकाश फक्त वरून येतो, आत जागा बोटांपुरती. 12 सेंमीची मूर्ती आडवी ठेवून चार वेळा फिरवत बसावं लागेल. स्टेशनचे पैसे असतात ते उभ्या दिव्यांच्या पट्टीचे, फिरत्या तबकाचे आणि आतल्या परावर्तक पत्र्याचे.

घेताना तीन गोष्टी पाहा. तरंगलांबी 405 नॅनोमीटर हवीच, कारण तुमच्या प्रिंटरचा दिवाही तोच आणि प्रिंटिंगचं रेझिन त्यालाच प्रतिसाद देतं. तबक पारदर्शक हवं आणि त्याखाली दिवा किंवा आरसा हवा, नाहीतर तळ कच्चा राहतो आणि प्रत्येक वस्तू उलटावी लागते. तिसरी गोष्ट माप. तबक फिरतं, म्हणून वस्तूची लांबी न पाहता कर्ण पाहायचा. मार्स 3 ची प्लेट (जिच्यावर वस्तू प्रिंट होते ती) साधारण 143 × 90 मिमी, तिचा कर्ण 169 मिमी. स्टेशनवर व्यास 140 लिहिला असेल तर प्लेटभर पसरलेली वस्तू फिरताना भिंतीला अडकणार. तुमच्या 12 सेंमी उंच, सडपातळ मूर्तींना मात्र ते पुरेल. पुढे सॅटर्नच्या आकाराचा प्रिंटर घेण्याचा विचार असेल तर आत्ताच मोठं घ्या. 219 × 123 च्या प्लेटचा कर्ण 251 मिमी होतो.

धुणं आणि क्युरिंग एकाच मोटरवर करणारी जोडयंत्रं तुमच्या बजेटमध्ये येतात. जागा वाचते, पण एका वेळी एकच काम होतं. राख्यांच्या हंगामात ते खोळंबतं. मी डबे वेगळे ठेवून फक्त क्युरिंगचं यंत्र घ्या असं सांगेन.

साचा_आणि_रंग

प्रिंटबद्दल वरचं सगळं पटलं, पण क्राफ्टसाठी निव्वळ 405 घेऊ नका. स्वस्त यूव्ही रेझिनच्या बऱ्याच बाटल्यांत 365 च्या आसपास चालणारा इनिशिएटर (प्रकाश पडताच रेझिन घट्ट करू लागणारा घटक) असतो. 405 खाली तो अर्धवटच चालतो. आतून घट्ट, वरून बोटाला चिकट, असा तुकडा मिळतो. लहान तरंगलांबीची किरणं पृष्ठभाग सुकवतात, मोठ्या तरंगलांबीची खोल जातात. म्हणून नेल लॅम्पमध्ये 365 आणि 405 एकत्र देतात, आणि पेंडंटसाठी तेच योग्य आहे. 385 आणि 405 अशी जोडी असलेली स्टेशनंही मिळतात, ती मधला मार्ग म्हणून चालतात. बाटलीवर तरंगलांबी लिहिलेली असते, आधी ती वाचा.

ताई, साचा कोणत्या रंगाचा आहे? पारदर्शक असेल तर खालूनही प्रकाश मिळतो. गुलाबी, निळ्या अपारदर्शक साच्यात फक्त वरून, त्यामुळे तुकडा काढल्यावर पाठ चिकट निघते. अशा वेळी साच्यातून काढून पाठीला पुन्हा 2 मिनिटं द्या.

जाडी एका वेळी 1 ते 2 मिमी. एकदम 5 मिमी ओतलं तर वरचा थर आधी कडक होतो, आतला नंतर आकसतो, आणि वर सुरकुत्या येतात. उष्णताही बरीच निघते. छोटा साचासुद्धा बोटाला चटका देतो आणि बुडबुडे फुगतात. पहिला थर 60 सेकंद, मग पुढचा ओतायचा. रंग थेंबाथेंबाने. पांढरा आणि काळा सगळ्यात वाईट, प्रकाश अडवतात, म्हणून त्यांचा थर अर्ध्या मिमीवर ठेवा. धातूच्या चौकटीतल्या पेंडंटला मागून प्रकाश लागतच नाही, तिथे तर पातळ थरांशिवाय इलाज नाही. राखीत झेंडूची पाकळी, गुलाबाची पाकळी घालत असाल तर ती पूर्ण वाळलेली हवी. ओल राहिली की पाकळी तपकिरी पडते.

आणि ए-बी दोन भाग मिसळायचं इपॉक्सी यात ठेवू नका. ते प्रकाशाने घट्ट होत नाही, त्याला फक्त वेळ लागतो.

माझं मत: मूर्तींसाठी छोटं 405 स्टेशन, राख्यांसाठी दुहेरी नेल लॅम्प. दोन्ही मिळून तुमच्या बजेटमध्ये बसावं.

जुगाडू_नाशिक

राख्यांची संख्या मोठी असेल तर स्टेशन घरीच बनवता येतं. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली, आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, 405 ची 12 व्होल्ट, 5 मीटर एलईडी पट्टी. बादलीच्या आत तिचे साधारण पाच वेढे बसतात, दोन वेढ्यांत 5 सेंमी अंतर ठेवा. पट्टीवर प्रतिमीटर किती वॅट ते वाचा, पाचाने गुणा आणि अडॅप्टर त्याहून पाव पट मोठा घ्या. काठोकाठ घेतलेला अडॅप्टर तापतो आणि दिवे मंदावतात. तळाशी बॅटरीवर फिरणारं छोटं तबक, त्यावर काचेची चकती.

ॲक्रिलिकची चकती वापरायची असेल तर यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक टाळा, बाहेर लावायच्या पाट्यांसाठी ते विकतात. झाकणाला मायक्रोस्विच जोडा, म्हणजे झाकण उघडताच दिवे बंद. 405 चा प्रकाश डोळ्यांना जांभळा आणि मंद वाटतो, प्रत्यक्षात तो तसा नसतो. घरात मुलं असतील तर हा स्विच सोडू नका.

कोविडच्या काळातले यूव्ही सॅनिटायझरचे डबे पडून असतील तर त्यात काही क्युअर करू नका. त्यांच्यातल्या जंतुनाशक नळीची किरणं 254 नॅनोमीटरची. ती आत शिरत नाहीत, आणि डोळे नि कातडी भाजतात.

रेझिनवाली_सांगली

सगळ्यांचे आभार. साचे निम्मे पारदर्शक, निम्मे गुलाबी आहेत, पाठ का चिकट निघते ते कळलं. दोन वेगळी यंत्रं घ्यायचं ठरवते. अजून दोन शंका. वेळ किती द्यायचा? आणि पोकळ मूर्तींना तीन-चार आठवड्यांनी तळाशी भेग जाऊन आतून द्रव पाझरतो, त्याचं काय?

पेठेतलं_वर्कशॉप

वेळ रेझिनच्या प्रत्येक बाटलीसाठी एकदा मोजून ठेवा. 60 × 10 × 2 मिमीच्या सहा पट्ट्या प्रिंट करा, धुवून वाळवा. एक तशीच ठेवा, बाकीच्या 1, 2, 4, 8 आणि 16 मिनिटं. थंड झाल्यावर नख दाबून पाहा, आयपीएत भिजवलेला कापूस फिरवून पाहा, मग वाकवा. नखाचा वळ उठत नाही आणि कापूस फिरवल्यावर चकाकी जात नाही, अशी सगळ्यात कमी वेळेची पट्टी तुमची. 16 मिनिटांची बहुधा पिवळी पडेल आणि वाकवताना कडकन तुटेल. जास्त वेळ म्हणजे जास्त मजबुती हा समज खोटा आहे. छोट्या वस्तूंना साधारण 2 ते 5 मिनिटं पुरतात. पारदर्शक रेझिनला एकेक मिनिट, मध्ये थांबून.

पारदर्शक रेझिन काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून क्युअर केलं तर आणखी चांगलं. हवेतला ऑक्सिजन वरच्या थराचं घट्ट होणं रोखतो, पाणी ती हवा दूर ठेवतं आणि उष्णताही ओढून घेतं. बरणीच्या भिंतीला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून सोडवा, नाहीतर मूर्तीवर त्यांचे डाग पडतात.

भेगांचं कारण आत अडकलेलं कच्चं रेझिन. प्रकाश भिंतीच्या पलीकडे पोहोचत नाही, आतला द्रव हळूहळू भिंत फुगवतो आणि ती सगळ्यात पातळ जागी फाटते. तळाशी 3 मिमीची दोन भोकं ठेवा, एक द्रव निघायला, एक हवा शिरायला. सिरिंजने आतून स्वच्छ आयपीए मारा, निघालेलं पाणीदार होईपर्यंत. उलटं ठेवून रात्रभर वाळवा. मग 5 मिमीचा 405 एलईडी दोन बारीक तारांवर आत सोडा, मालिकेत योग्य रेझिस्टर जोडून, आणि आत 3-4 मिनिटं प्रकाश द्या. भोक त्यासाठी 6 मिमीचं लागेल, ते बैठकीच्या तळाशी लपतं. पाझरणाऱ्या जुन्या मूर्ती वाचत नाहीत, आणि तो द्रव कच्चं रेझिनच आहे, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावा.

साचा_आणि_रंग

खराब झालेलं आयपीए बेसिनमध्ये ओतू नका. झाकणबंद पारदर्शक बरणीत उन्हात किंवा स्टेशनसमोर ठेवा, रेझिनचा गाळ तळाशी बसतो. वरचं कॉफीच्या फिल्टरमधून गाळून पहिल्या धुण्याला पुन्हा वापरा. गाळ उघड्यावर वाळवून पूर्ण कडक झाला की कचऱ्यात टाकता येतो. चिकट टिशूंनाही आधी प्रकाश दाखवा.