अ‍ॅनॉमली म्हणजे विसंगती की अनियमितता?

नेटवर्क ट्रॅफिकमधले हल्ले मशीन लर्निंगने कसे ओळखतात यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. अ‍ॅनॉमली आणि मॅलिशस या दोन शब्दांपाशी अडलंय. डिक्शनरीत अनियमितता आणि दुर्भावनापूर्ण मिळालं, वाचताना दोन्ही खटकतात. काय वापरू?

---

अनियमितता अजिबात नको. पेपरात 'आर्थिक अनियमितता' वाचलं की डोक्यात थेट घोटाळाच येतो, त्या शब्दात आता आरोप मुरलाय. अ‍ॅनॉमलीत आरोप नसतो. कॉम्प्युटर सुरक्षेच्या संशोधक डोरोथी डेनिंग यांनी १९८७ च्या शोधनिबंधात मांडलेलं मॉडेल बघा, युजर एरवी कसा वागतो याचं प्रोफाइल बनवायचं आणि त्यापासून फार लांबचं काही दिसलं की नोंदवायचं, मग ते वाईट आहे का हे पुढे माणसाने तपासायचं. दहावीच्या निकालाच्या दुपारी साइटवर एवढी मुलं एकदम तुटून पडतात की नुसता ग्राफ बघितला तर डीडॉस हल्लाच (असंख्य मशीनवरून एकदम मारा करून साइट पाडणं) वाटावा, पण असते ती साधी झुंबड. विसंगती लिहा, एरवीच्या वागण्याशी जुळत नाही एवढंच तो शब्द म्हणतो.

---

विसंगतीच. फक्त विसंगती नेहमी कशाशी तरी असते, तेव्हा 'ट्रॅफिकमधली विसंगती' असं मोघम लिहू नका, कशाशी ते सांगा. २०१६ चं मिराय बॉटनेट घ्या, म्हणजे व्हायरससारखा प्रोग्रॅम शिरून परक्याच्या ताब्यात गेलेल्या उपकरणांची फौज. सीसीटीव्ही कॅमेरा एरवी मोजक्या ठरलेल्या सर्व्हरशी बोलतो, मिराय शिरलं की तोच कॅमेरा इंटरनेटवरच्या दिसेल त्या पत्त्याचं टेलनेटचं (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) २३ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दारच, ठोठावत सुटतो, कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी तसेच ठेवलेत का ते बघत. यातलं एकेक कनेक्शन सुटं काढून बघितलं तर किरकोळ, त्यात काहीच वावगं दिसत नाही, पण त्याच कॅमेऱ्याच्या कालच्या वागण्याशेजारी ठेवलं की लगेच कळतं. आणि यासाठी आतला मजकूर वाचावा लागत नाही, किती पत्त्यांशी बोलला, किती वेळ, किती बाइट, एवढं पुरतं, म्हणून एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद असलेल्या, ट्रॅफिकवरही हे जमतं.

मॅलिशसला दुर्भावनापूर्ण नको कारण मशीनला भावना दिसत नाही, वागणं दिसतं. घातक म्हणावं तर नुसत्या पोर्ट स्कॅनने, म्हणजे कुठलं पोर्ट उघडं आहे ते चाचपण्याने, लगेच कुणाचा घात होत नाही. माझ्या मते 'उपद्रवी' बरोबर बसतो.

---

उपद्रवी एकदम पटला! मग फॉल्स पॉझिटिव्हला, म्हणजे चांगल्या कनेक्शनवर चुकून दिलेल्या इशाऱ्याला, 'खोटा इशारा' चालेल?

---

खोटा म्हटलं की कुणीतरी मुद्दाम दिला असं वाटतं. 'नाहक इशारा' लिहा, आणि त्याच्यासोबत हा हिशोब मुलांना नक्की द्या, हा कळला नाही तर बाकीचं वाचून उपयोग नाही. समजा रोज १० लाख कनेक्शन आहेत, त्यातली १०० उपद्रवी. मॉडेल १०० पैकी ९९ पकडतं आणि चांगल्या कनेक्शनपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून ओरडतं. ऐकायला झकास. पण चांगली कनेक्शन ९,९९,९०० आहेत, त्यांचा १ टक्का म्हणजे ९,९९९ नाहक इशारे, आणि खरे ९९. म्हणजे एका खऱ्या इशाऱ्यामागे अलर्ट बघणाऱ्या माणसाने १०१ नाहक तपासायचे, रोज. रात्रपाळीला तो किती दिवस नीट बघेल?

आणि ते सुटलेलं एक, म्हणजे फॉल्स निगेटिव्ह, त्याला 'हुकलेला हल्ला' म्हणा.