मदत हवी आहे: पहिलाच डेस्कटॉप स्वतः जोडतेय, वायरींचं गणित सुटेना

पत्रिकावाली:
नमस्कार मंडळी. मी खानापुरात डीटीपी करते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज, सगळं मराठी-कन्नड दोन्हीत. जुना कॉम्प्युटर कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला इतका वेळ घेतो की गिऱ्हाईक तोवर समोरच्या हॉटेलात चहा पिऊन परत येतं. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होईल, त्याआधी नवीन मशीन उभं करायचंय. घरचे म्हणतात बेळगावातनं जोडूनच आणायचा होतास. पण पुढे काही झालं की दर वेळी कॅबिनेट बसमध्ये घालून कोण नेणार? म्हणून सुटे भाग आणलेत.

सामान असं: प्रोसेसर रायझन ५ ५६०० (खोका फोडलेला नाही), बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटची मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-लावता येतात अशी) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा. ग्राफिक कार्ड घेतलं नाही, पत्रिकांना कशाला लागतंय. जुन्या मशीनची हार्ड डिस्क यातच लावणार आहे, सगळ्या गिऱ्हाईकांच्या डिझाइन तिच्यात आहेत.

अडलंय ते असं. बोर्डावर प्रोसेसरच्या पॉवरला ८ पिनांची एक आणि शेजारी ४ पिनांची एक अशा दोन जागा आहेत, एसएमपीएसमधून मात्र ४+४ ची एकच वायर निघते. शिवाय ६+२ लिहिलेली आणखी एक वायर आहे, तीही ८ पिनांचीच दिसते. ती तिथं चालेल का? कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी कुठल्या पिनेवर जातात ते पुस्तकातल्या चित्रावरून कळंना झालंय. आणि हार्ड डिस्कपर्यंत पॉवरची वायर पोचत नाही. मामेभावाच्या जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या लांब वायरी पिशवीभर पडून आहेत, त्यातली एक वापरली तर?
अजून काहीही चालू केलेलं नाही.

वडगावचा विणकर:
ताई, ती पिशवी आधी माळ्यावर टाका. बाकीचं नंतर बोलू.
मॉड्युलर वायरीचं हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. वायर बसते अगदी टॉक करून, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्कचा बोर्ड जळतो. नवीन डिस्क बाजारात मिळेल, पण तुमच्या डिझाइन कुठून आणणार? नवीन एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्याच वायरी वापरा. लांबी कमी पडत असेल तर साटा (डिस्कच्या) पॉवरची एक्स्टेन्शन वायर मिळते, ती चालते. कारण ती एसएमपीएसला नाही, आधीच्या वायरीच्या टोकाला जोडायची असते. नाहीतर डिस्कची जागा बदला, बहुतेक कॅबिनेटला खाली एसएमपीएसजवळही एक खण असतो.
आणि जोडण्याआधी डिझाइनची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्याच.

निपाणी नेटवाला:
प्रोसेसरच्या पॉवरचं सोपं आहे. ४+४ वायरीचे दोन तुकडे एकत्र धरून ८ च्या जागी बसवा. शेजारची ४ पिनांची जागा रिकामी राहू दे. ती ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांसाठी) आणि जास्त वॅट खाणाऱ्या प्रोसेसरसाठी. तुमचा ६५ वॅटचा, त्याला ८ पिना भरपूर झाल्या. ६+२ ची वायर ग्राफिक कार्डाची. तिच्यात १२ व्होल्ट आणि अर्थ बरोबर उलट्या बाजूला असतात, म्हणून पिनांचे आकारही वेगळे ठेवलेत. जोर लावून बसवायला जाऊ नका. वायरीवर सीपीयू (प्रोसेसर) की पीसीआयई (ग्राफिक कार्ड) ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, बॅटरी मारून बघा.

मलप्रभा:
खोका अजून फोडलेला नाही ना? बरं झालं. फोडूच नका. त्यावर नुसतं ५६०० लिहिलंय की ५६००जी?

पत्रिकावाली:
नुसतं ५६००. का हो?

मलप्रभा:
मग ग्राफिक कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआय दिसतं, पण चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरमध्ये असावा लागतो. नुसत्या ५६०० मध्ये तो नाही, ५६००जी मध्ये आहे. पंखा फिरेल, लाईट लागेल, स्क्रीन काळी. मग माणूस वायरी बदलत बसतो, रॅम पुसत बसतो. दुकानदाराने विकताना हे विचारायला हवं होतं, पण विचारत नाहीत. सील शाबूत आहे तोवर बदलून मागा. पत्रिकांना ५६००जी पुरून उरेल.
एक बघून घ्या: ५६००जी २०२१ मध्ये आला आणि बी५५० बोर्ड २०२० पासूनचे आहेत. बोर्ड जुन्या साठ्यातला असला तर बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागेल. दुकानातच विचारा.

पत्रिकावाली:
फोन केला. फरकाचे पैसे देऊन बदलून देतो म्हणाले. बायोसचंही बघतो म्हणाले. आता बटणाच्या वायरी सांगा की वो कुणीतरी.

वडगावचा विणकर:
बहुतेक बोर्डांवर ९ पिनांचा गठ्ठा असतो, दहावी जागा रिकामी. पुस्तकातलं चित्र आणि बोर्ड एकाच दिशेने धरा, निम्मा घोळ तिथंच संपतो. पॉवर स्विच आणि रीसेट यांना उलटं-सुलटं नाही, कसंही लावा. दिव्यांच्या वायरींना मात्र प्लस-मायनस आहे, रंगीत वायर सहसा प्लस आणि पांढरी किंवा काळी मायनस. उलट लागली तर दिवा लागणार नाही इतकंच, काही जळत नाही.
जपायचं ते यूएसबी ३ च्या जाड निळ्या कनेक्टरला. त्याच्या १९ पिना चटकन वाकतात, सरळ दाबा. आणि कॅबिनेटला रंगीत दिव्यांची पट्टी असेल तर ३ पिनांची ५ व्होल्टची वायर ४ पिनांच्या १२ व्होल्टच्या जागी खुपसू नका. तिथं मात्र खरंच जळतं.

निपाणी नेटवाला:
कूलरचं कुणी सांगितलं नाही. खोक्यात येतो तो चार स्क्रूंचा. बोर्डावर आधीच लावलेल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी पट्टी खाली पडते. मागून हात धरा. उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट लावूनच येते, बोट लावू नका. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी, नाहीतर काही बोर्ड सुरू होताना कुरकुर करतात.
रॅम दोन असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. ५६००जी मध्ये ग्राफिक रॅममधूनच चालतं, त्यामुळे दोन्ही चॅनेल (रॅमकडे जाणारे दोन रस्ते) मिळणं तुम्हाला जास्त महत्त्वाचं.
कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून एकदा चालू करून बघा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं.

मलप्रभा:
आणि दुकानातला प्लग. जुन्या मशीनच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण होतं का?

पत्रिकावाली:
होतं. पावसाळ्यात जास्तच.

मलप्रभा:
म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट अर्थच्या वायरीने जायचा असतो, ती नसली की पत्र्यावर येतो. वायरमनला बोलावून अर्थ काढून घ्या, मग नवीन मशीन लावा.

पत्रिकावाली:
सगळं जोडून झालं. अर्थिंगही करून घेतलं. खोक्यावर ठेवून पाहिलं तेव्हाच स्क्रीनवर बायोस आलं! जुनी डिस्क दिसते, फाइली उघडतात. दोनच शंका. रॅमच्या पाकिटावर वेग ३२०० आहे, बायोस २४०० दाखवतंय. आणि विंडोज म्हणतंय १६ जीबीतली थोडी कमीच वापरता येते.

निपाणी नेटवाला:
बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी असं काहीतरी असेल, ते चालू करा, ३२०० येईल. कमी दिसणारी रॅम ग्राफिकसाठी बाजूला ठेवलेली आहे, तुटलेलं काही नाही. बायोसमध्ये तिचा आकडा बदलता येतो, पण कोरलसाठी आहे तसंच राहू दे.