प्रति: शेवटच्या वर्षी विचार केला तर चालतो का?

‘कॉलेजचा विचार शाळेच्या शेवटच्या वर्षी केला तरी चालतो, आधीपासून मुलांवर ओझं कशाला’ हे वरचं मत मला पटलं नाही. ओझं होतं ते उशिरामुळेच. अर्ज, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्तीची कागदपत्रं आणि शाळेची परीक्षा, सगळं दोन-तीन महिन्यांत अंगावर येतं. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. म्हणून भाचीला मी शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायला लावलं. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना निदान महिनाभर आधी विचारायचं, हे तेव्हाच तिच्या लक्षात आलं.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलांना पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचायला द्या. नुसतं कॉलेजचं नाव आणि इमारतीचे फोटो नकोत, विषयांची यादी वाचू दे. भाचीला मानसशास्त्र घ्यायचं होतं. त्यात संख्याशास्त्र असतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि गणिताला ती तोवर टाळत आली होती. दोन वर्षं हाताशी होती म्हणून ती सावरली. ऐन प्रवेशाच्या वेळी कळलं असतं तर?

खर्चाबद्दलही मुलांशी मोकळेपणाने बोला. फीशिवाय राहणं, पुस्तकं, प्रवास धरून पूर्ण शिक्षणाचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा मुलं तो समंजसपणे घेतात.