जुन्या पीसीसाठी जीटीएक्स १०६० (६ जीबी) घेऊ की आरएक्स ५८० (८ जीबी)?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पीसी जुना आहे: आय५-४५७०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. आतापर्यंत प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरच व्हॅलोरंट कसाबसा ओढला. सुट्टीत काम करून सहा हजार जमवलेत, त्यात सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. दोन समोर आहेत. एक जीटीएक्स १०६० सहा जीबी, साडेपाच हजार, कऱ्हाडातल्याच एका मुलाचं, दोन पंख्यांचं. दुसरं आरएक्स ५८० आठ जीबी, पाच हजार, पुण्याचा विक्रेता कुरियरने पाठवतो म्हणतोय. खेळायचं म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५, जमलं तर एल्डन रिंग आणि रेड डेड २. मित्र सगळे म्हणतात, आठ जीबी सोडू नकोस. पुण्याच्या कार्डाचा जीपीयू-झेडचा (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फोटो मागवलाय, तो जोडतो. सोबत पॉवरची कन्व्हर्टर वायरही फुकट मिळतेय. कुठलं घेऊ?

ठाण्याचा_नितीन

यात विचार कसला? पाचशेने स्वस्त, वर दोन जीबी जास्त. माझ्याकडे ५८० आहे, रेड डेड २ व्हल्कनवर (गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा) सेटिंग जरा खाली आणून मस्त चालतो. शिवाय एनव्हिडियाने पास्कलचे (१०६० ची पिढी) गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच. ५८० घे.

रेवर्कबेंच

कोल्हापुरात कार्ड दुरुस्तीचं काम करतो, ही दोन्ही माझ्या टेबलावर सतत असतात.

तुझा फोटो मोठा करून बघितला. शेडर्सच्या (चित्र काढणारे छोटे कोअर) चौकटीत २०४८ लिहिलंय. ५८० ला तिथे २३०४ यायला हवेत. हे आरएक्स ५८० २०४८एसपी आहे. एएमडीने ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलं, आत चिप आहे ५७० च्या ताकदीची. आपल्याकडे ऑनलाइन हे नुसतं '५८० ८ जीबी' म्हणून सर्रास खपवतात. कार्ड वाईट नाही, पण भाव ५७० चाच द्यायचा. एनव्हिडियाचंही तेच: १०६० तीन जीबीला मेमरी तर निम्मी आहेच, कोअरही १२८० ऐवजी ११५२. त्याच चिपचं पी१०६-१०० नावाचं मायनिंगचं कार्ड येतं, त्याला मॉनिटर लावायला पोर्टच नसतो. स्वस्त दिसलं म्हणून तेही उचलू नकोस.

आता अस्सल ५८० आणि अस्सल १०६० ची तुलना. १०६० जुलै २०१६ चं, ५८० एप्रिल २०१७ चं, आणि तेव्हापासून दोघं खांद्याला खांदा लावून आहेत. सायबरपंक २०७७ च्या २.० अपडेटनंतरच्या किमान यादीत १०६० सहा जीबी आणि ५८० आठ जीबी शेजारी-शेजारी आहेत. नव्या डीएक्स१२ (विंडोजचा तसाच दुवा) आणि व्हल्कनच्या गेममध्ये ५८० थोडं पुढे जातं, टेक्स्चर वर ठेवायचं असेल तर आठ जीबीचा उपयोगही होतो. नितीन म्हणतात ते रेड डेडचं खरं आहे. पण डीएक्स११ मध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर कमी भार टाकतो. तुझा ४५७० चार कोअर, चार थ्रेडचा आहे, त्याच्याकडे फुकट घालवायला काही नाही. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ दोन्ही तू डीएक्स११ वरच खेळणार. म्हणजे तुझ्या मशीनवर १०६० जास्त शोभतं, असं माझं स्पष्ट मत. एल्डन रिंग दोन्हीवर चालेल, पण तुझा प्रोसेसर त्यांच्या किमान यादीच्या खाली आहे, घोड्यावरून नव्या भागात शिरताना अडखळेल. ते कुठल्याच कार्डाने सुटणार नाही. आणि ज्या नव्या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारं) हार्डवेअर सक्तीचं आहे, इंडियाना जोन्स किंवा डूम द डार्क एजेस, ते दोन्हीवर विसरायचे.

आता मला खरी काळजी आहे ती त्या फुकटच्या वायरीची. त्याचं एक टोक साटाचं (हार्ड डिस्कला वीज देतात तसलं) आहे का? आणि तुझ्या एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) बाजूचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरातले वॅट सोड, +१२व्ही समोर किती ॲम्पिअर आहेत ते सांग.

कोयनाकाठ

दादा, वायरीचं एक टोक साटाचंच आहे, दुसरं आठ पिनचं. एसएमपीएस ४५० वॅटचा, लोकल. +१२व्ही समोर १८ए लिहिलंय. सहा पिनची एक वायर आहे त्याला. यूपीएस ६०० व्हीएचा.

रेवर्कबेंच

१८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. तुझ्या '४५०' मधले कामाचे तेवढेच. ५८० ला १८५ वॅट लागतात, प्रोसेसरला ८४. तिथेच २६९ झाले. हे मी कागदावरचे आकडे धरतोय, कार्ड झटका मारून क्षणभर याच्याही वर जातं. १०६० ला १२०, म्हणजे प्रोसेसर धरून २०४, आणि हार्ड डिस्क, पंखे अजून मोजलेच नाहीत. लोकल सप्लाय स्टिकरवरचं सगळं देईल यावर मी पैज लावणार नाही.

ती वायर अजिबात लावू नकोस. एका साटा जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॅट न्यायची सोय असते, आठ पिनच्या जागेला १५० लागू शकतात. माझ्याकडे अशी जळलेली टोकं येतात. आधी पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, मग मऊ होऊन पिना तिरक्या बसतात, मग काळं. गेम नुसता बंद पडतो म्हणून लोक कार्ड दाखवायला आणतात, आणि कार्ड ठणठणीत असतं.

तेव्हा आधी चांगला एसएमपीएस, एटी प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), अडीच-तीन हजारांत बसतो. राहिलेले पैसे कार्डाला, आणि कार्ड महिनाभराने आलं तरी चालेल. घरात एवढा धीर नसेल तर जीटीएक्स १६५० बघ, बाहेरून वायर न लागणारं. ७५ वॅट सगळे स्लॉटमधूनच घेतं, तुझ्या आत्ताच्या सप्लायवरही चालेल. चार जीबी आहे आणि १०६० पेक्षा थोडं मागे, पण तुझा व्हॅलोरंट त्याला जड नाही.

यूपीएसचंही सांगतो. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. १०६० असेल तर लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळेल. ५८० वर भर गेममध्ये लाइट गेली तर तो टिकेलच असं नाही. आणि रोज चार तास खेळलास तर ५८० चे महिन्याला आठेक युनिट जास्त पडतात.

कऱ्हाडचं कार्ड स्वतः जाऊन बघ. त्याच्याच पीसीवर हेवन बेंचमार्क (कार्डाला ताण देणारी चाचणी) अर्धा तास चालव, कान पंख्यांकडे. मायनिंगमधून आलेल्या कार्डाची चिप बहुतेक शाबूत असते, ते लोक व्होल्टेज कमी करूनच चालवायचे. झिजतात ते पंखे, आणि भाजते ती मेमरी. पंखा बंद असताना पातं बोटाने हळूच वर-खाली हलव, डुगडुगलं तर बेअरिंग गेलं. पाठीमागून कार्ड उजेडात धर. मेमरीच्या आसपास तेलकट डाग दिसला तर थर्मल पॅडमधलं (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) तेल सुटलंय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पॅड बदलायचे झाले एवढंच समज. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन किंवा रेघ आली, एकदाच जरी आली, तरी उठून ये. मेमरीची चिप बदलायचा खर्च कार्डाच्या किमतीत जातो. कार्ड आधी कोकणात होतं का तेही विचार. समुद्राकाठच्या हवेत ब्रॅकेट गंजतं आणि सोल्डरवर पांढरट-हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं, ती कार्डं मी हातात घेताना दहादा विचार करतो.

जीपीयू-झेडमध्ये १०६० ला १२८० शेडर्स, १९२ बिट, ६ जीबी. नावापुढे 'फेक' आलं तर ते जुन्या कार्डावर दुसरं बायॉस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवलेलं आहे.

ठाण्याचा_नितीन

माझा सप्लाय चांगल्या कंपनीचा आहे, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. २०४८ वालं असेल तर मीही घे म्हणणार नाही. पण अस्सल २३०४ मिळालं तर तपासायचं कसं?

रेवर्कबेंच

एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा. पोलारिस (५८० ची पिढी) कार्डांना त्यात जीपीयू मेमरी एरर्स असा आकडा येतो. गेम चालू असताना तो शून्यावरच राहिला पाहिजे. चढत असेल तर मायनिंगवाल्याने बायॉसमधले मेमरीचे टायमिंग आवळलेत किंवा मेमरी थकलीय. सफायरच्या नायट्रो प्लससारख्या काही कार्डांवर बायॉसचं छोटं स्विच असतं, दुसऱ्या बाजूला सरकवलं की बहुधा मूळचं बायॉस सापडतं. मग परत बघा. तरीही आकडा चढला तर सोडा ते कार्ड.

टक्स_नाशिक

एक बाजू राहिली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही. लिनक्सवर जायचं असेल तर एएमडी सरस आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) आणि मेसामध्येच (त्याचा ग्राफिक्सचा भाग) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि ५८० ला ते लोक अजून सांभाळतात. पास्कलला एनव्हिडियाच्या जुन्या मालिकेच्या ड्रायव्हरवरच अडकून राहावं लागेल.

रेवर्कबेंच

एकदम बरोबर. मला लिनक्ससाठी कुणी विचारलं तर मीही एएमडीच सांगतो. पण या मुलाला पहिला व्हॅलोरंट हवाय, आणि त्या गेमचा व्हॅनगार्ड (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही.

कोयनाकाठ

पुण्याच्या माणसाला 'नाही' असं कळवलं. शेडर्सचं विचारल्यावर त्याने किंमत लगेच चार हजारांवर आणली! एसएमपीएस या आठवड्यात घेतो, १०६० वाल्याला थांबायला सांगितलंय, तो थांबतो म्हणाला. एक शेवटचं, माझा मॉनिटर १९ इंची, फक्त व्हीजीए. डीव्हीआयचं छोटं पांढरं कनेक्टर घरात पडलंय, ते चालेल ना?

रेवर्कबेंच

नाही चालणार. १०६० वरचं डीव्हीआय फक्त डिजिटल आहे, ॲनालॉगच्या चार पिनांना तिथे भोकंच नाहीत, कनेक्टर आत शिरणारसुद्धा नाही. ५८० वरही तीच गत. एचडीएमआय टू व्हीजीए घे, आत चिप असलेला ॲक्टिव्ह प्रकार. तो सोबत घेऊनच कार्ड बघायला जा आणि तिथेच लावून बघ.