नारंगी टी-शर्ट घालून गोळीबार थांबतो का?

नेपरव्हिलकर (धागाकर्ता):
जूनचा पहिला शुक्रवार आला की शिकागोच्या आसपास नारंगी टी-शर्ट दिसायला लागतात. हादिया पेंडलटन ही शिकागोची पंधरा वर्षांची मुलगी. जानेवारी २०१३ मध्ये ओबामांच्या शपथविधीच्या सोहळ्यात शाळेच्या पथकाबरोबर नाचून आली आणि आठवड्याभरात एका बागेत गोळी लागून गेली. शिकारी एकमेकांच्या गोळीपासून वाचायला नारंगी घालतात, म्हणून मैत्रिणींनी तो रंग धरला. २ जून हा तिचा वाढदिवस. २०१५ पासून बंदुकीच्या हिंसाचाराविरुद्ध जागृतीसाठी हा दिवस देशभर पाळतात, आता जूनच्या पहिल्या शुक्रवारी. इथल्या आपल्या मराठी मंडळांनीही सामील व्हावं असं माझं मत आहे. मुलं इथल्याच शाळांत जातात ना?

शंकेखोर:
जा, फोटो काढा. हादिया गेली त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंदूक खरेदीदारांची तपासणी वाढवणारं विधेयक सिनेटमध्ये आलं. सँडी हुक शाळेतल्या गोळीबारात वीस मुलं जाऊन चारच महिने झाले होते. ५४ विरुद्ध ४६, तरी पडलं, कारण ६० लागत होती. हळहळ भरपूर होती हो, मतं नव्हती.

नेपरव्हिलकर:
आणि २०२२ मध्ये? टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर महिन्याभरात कायदा झालाच की. एकवीस वर्षांखालच्या खरेदीदारांची तपासणी कडक झाली. मधली नऊ वर्षं लोक दरवर्षी रस्त्यावर आले नसते तर तेही झालं नसतं.

शंकेखोर:
त्यानंतर नवव्या दिवशी, ४ जुलैला, तुमच्याच शिकागोजवळच्या हायलँड पार्कमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन सात माणसं गेली. (बंदूक आधीच घेतलेली होती, हे मान्य.)

टेक्सासी भाऊ:
माझ्या घरी बंदूक आहे, आता घाला शिव्या. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तुमच्या नारंगी कार्यक्रमात त्यावर कोणी अवाक्षर काढतं? न्यू हॅम्पशायरमध्ये बंदूक विकणाऱ्यांनीच दुकानात आत्महत्या रोखण्याची माहितीपत्रकं ठेवली. गिऱ्हाईक बिथरलेलं दिसलं तर विकू नका, असं दुकानदार दुकानदाराला सांगतो. ते पटतं. आम्हाला खुनी समजून भाषण ठोकणाऱ्याचं कोण ऐकणार?

दोन पोरांची आई:
भाऊंशी निम्मी सहमत. गेल्या वर्षी आमच्या गावच्या कार्यक्रमात भाषणं कंटाळवाणीच झाली. कडेच्या टेबलावर मात्र एक बाई फुकट कुलपं वाटत होती. प्लास्टिकचं वेष्टण असलेली जाड तार, टोकाला कुलूप. गोळ्या काढायच्या, तार बंदुकीतून ओवायची, किल्ली वेगळ्या जागी. आमच्याकडे बंदूक नाही म्हटलं तर म्हणाल्या, "मुलं ज्यांच्याकडे खेळायला जातात, त्यांना विचारता का?" तेव्हापासून विचारते. पहिल्यांदा जीभ रेटत नव्हती. एका घरी, "हो, कपाटात आहे, पण मुलांना माहीत नाही," असं उत्तर आलं. त्या घरची पोरं आता आमच्याकडे खेळायला येतात.

शंकेखोर:
मग टी-शर्ट कशाला? नुसती कुलपं वाटा, मी स्वतः टेबलावर बसतो.

नेपरव्हिलकर:
टी-शर्टवाल्यांनीच ते टेबल मांडलं होतं, साहेब.

टेक्सासी भाऊ:
मंडळात वाटून काय उपयोग? तिथे बंदूकवाले किती? नेमबाजीच्या रेंजबाहेर टेबल मांडा. नारंगी न घालता.